‘हार्मोन-फ्री’ पापलेट घरपोच: मासा चांगला, लेबल बोगस

आमच्याकडे मासे म्हणजे एकतर सिटीलाइट मार्केट नाहीतर बिल्डिंगखाली येणारी मावशी, तिसरा ऑप्शन कधी लागलाच नाही. पण थोरल्या जाऊबाईंनी कुठूनतरी हे मासे घरपोच देणारं अ‍ॅप शोधून काढलं आणि गेले काही महिने दोन्ही घरांत बहुतेक तिथूनच येतंय, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू. कंपनीचं नाव घेत नाहीये, कारण हा प्रकार काय एकट्या तिचा नाही, असे अजून एकदोन अ‍ॅपवाले आहेत आणि सगळ्यांच्या डब्यावर थोड्याफार फरकाने तेच छापलेलं असतं.

आधी माशाबद्दल, कारण शेवटी खायचा तो मासा.

सुरमई उत्तम. तुकड्या सारख्या जाडीच्या, मीठ-हळद लावून ठेवल्या तरी पाणी सुटलं नाही आणि तव्यावर मोडल्या नाहीत, यापेक्षा सुरमईकडून अपेक्षा काय असणार. पापलेट ठीक, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं, वास नाही, पण आकार फोटोत दाखवतात त्याच्या पाऊण. कोळंबीचा काळा दोरा काढून येतो हे ऑफिसवाल्या बायकांना वरदान आहे, त्यासाठी मी दोन पैसे जास्त द्यायला तयार आहे आणि ते घेतातही. बोंबील मात्र चुकूनही मागवू नका. बोंबील सकाळी आणून दुपारी खायचा मासा, तो बर्फाच्या जेलपॅकमध्ये शहरभर फिरून आला की पिशवीत अर्धं पाणी आणि अर्धा लगदा, पिळून रवा लावला तरी काही खरं नाही.

दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे कल्ले काढूनच मासा येतो, म्हणजे ताजा आहे की नाही हे बघायची आपली जी आईकडून आलेली एकमेव परीक्षा ती देताच येत नाही, विश्वास ठेवायचा. दुसरं म्हणजे डोकं नाही आणि गाबोळी (माशाची अंडी) नाही. सुरमईच्या डोक्याचं सार आमच्याकडे तुकड्यांपेक्षा आधी संपतं, आणि गाबोळी तर पोरांची भांडणं लागतात, आणि ही मंडळी ते सगळं ‘क्लीनिंग’मध्ये टाकून देतात आणि वर नेट वेटचे पैसे लावतात. किलोचा हिशोब लावला तर मार्केटपेक्षा बरंच महाग पडतं हे धरूनच चाला.

आता लेबल. डब्यावर हिरवं पान काढलंय (माशावर पान कशाला देव जाणे) आणि त्याखाली लिहिलंय हार्मोन-फ्री, अँटिबायोटिक-फ्री, केमिकल-फ्री, आरओ पाण्याने धुतलेले. अ‍ॅपवर तर पुढे जाऊन ‘वाढत्या वयाच्या मुलींसाठी सुरक्षित’ असंही टाकलंय. जाऊबाईंची मुलगी सहावीत आहे, त्यांनी ते एक वाक्य वाचलं आणि मार्केट बंद केलं, इतकं साधं आहे ते. मी झूऑलॉजी शिकलेय आणि काही वर्षं शिकवलंयही, त्यामुळे ते लेबल वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय आणि या रिव्ह्यूचा उरलेला भाग त्याच्यावरच आहे, ज्यांना फक्त सुरमईचं विचारायचं होतं ते इथेच थांबले तरी चालेल.

हार्मोन-फ्री मासा असा मासा जगात नसतो. माशाला थायरॉइड आहे, पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी) आहे, अंडाशय-वृषण सगळं आहे, हार्मोन नसतील तर तो मेलेलाच असेल, म्हणजे जन्मलेलाच नसेल. याच अ‍ॅपवर जिताडा मिळतो, त्याच्यावरही हाच स्टिकर. रायगडकडच्या लोकांना जिताड्याबद्दल सांगायला नको, पण त्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं की जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. बहुतेक जिताडे, निसर्गतःच, खाडीत कोणी काही न घालता. हे सगळं हार्मोनवर चालतं. हार्मोन-फ्री जिताडा म्हणजे नेमकं काय काढून टाकलं ते मला कंपनीने एकदा दाखवावं.

रोहू-कटल्याची गंमत तर त्याहून भारी. हे मासे नदीत पूर आला की अंडी घालतात, तळ्यात कोंडले की घालत नाहीत, म्हणून मत्स्यशेतीला बीज, म्हणजे पिल्लं, नदीतूनच गोळा करावं लागायचं. मग १९५७ च्या जुलैत हिरालाल चौधरींनी कटकला पिट्युटरीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांना तळ्यातच अंडी घालायला लावली, १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याच्याच आठवणीत असतो. आज देशातल्या हॅचरींमध्ये (मत्स्यबीज केंद्रांमध्ये) रोहूचं बीज अशाच हार्मोनच्या इंजेक्शनवर निघतं. इंजेक्शन त्या आईबापाला, आपल्या ताटातल्या माशाला नाही, त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही, पण मग त्याच रोहूवर हार्मोन-फ्री लिहायला लाज वाटायला पाहिजे की नको?

आणि चिलापी. अ‍ॅपवर ‘तिलापिया फिले’ असं झकास नाव देऊन विकतात. चिलापीच्या तळ्यात नर-मादी एकत्र ठेवले की पिल्लांवर पिल्लं होत जातात आणि मासा बारीकच राहतो, म्हणून जगभर बऱ्याच ठिकाणी पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे नराचं हार्मोन देतात, सगळे नर होतात आणि नर लवकर वाढतो. पुढे मासा विकायला यायला महिने जातात, तोवर ते शरीरातून निघून गेलेलं असतं. पण हार्मोनबद्दल ज्या माशाला खरोखर प्रश्न विचारावा असा हाच एक मासा होता, म्हणून मी कस्टमर केअरला चॅटवर विचारलं, तुमच्या चिलापीचं बीज कुठल्या हॅचरीतून येतं आणि सगळे नर कसे केलेत. उत्तर आलं, “मॅडम, आमचे सर्व मासे फ्रेश असतात, आणखी काही मदत करू शकतो का?” मग म्हटलं लॅब रिपोर्ट पाठवा. पाठवला, त्याबद्दल मार्क देते, पटकन पाठवला. पारा, शिसं, कॅडमियम, फॉर्मलिन, दोन-तीन बॅक्टेरिया, सगळं व्यवस्थित मर्यादेत. हार्मोनचा रकानाच नाही! म्हणजे तपासलंच नाही आणि फ्री लिहून मोकळे. फॉर्मलिन (प्रेतं टिकवायचं रसायन) का तपासतात ते कळतं, २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मलिनवरून केवढा गोंधळ झाला होता, तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतं. हार्मोनचं कोणी विचारतच नाही, फक्त घाबरतं.

बरं, आता कोणी म्हणेल की मग हार्मोन आणि मासे हा विषयच खोटा आहे का. अजिबात नाही, विषय शंभर टक्के खरा आहे, फक्त भीती चुकीच्या टोकाला लावलीय. त्रास मासा खाणाऱ्याला होतोय असं नाही, त्रास माशाला होतोय.

आपण औषध घेतो ते सगळं काही शरीरात जिरत नाही, बरंचसं लघवीतून बाहेर पडतं. गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलएस्ट्राडिओल घ्या, हे बनवलेलं इस्ट्रोजेन म्हणजे स्त्री-हार्मोन, मुद्दाम असं बनवलंय की ते लवकर मोडू नये. लिव्हर त्याला एक शेपूट जोडून निकामी करून बाहेर काढते, पण गटारातले बॅक्टेरिया ती शेपूट तोडतात आणि ते पुन्हा कामाचं होतं. ते नदीत जातं. नदीतला नर मासा चोवीस तास कल्ल्यांमधून तेच पाणी आत घेतोय. मग त्याची लिव्हर व्हायटेलोजेनिन बनवायला लागते, म्हणजे ज्या प्रथिनापासून गाबोळी भरते ते प्रथिन, जे फक्त मादीत हवं. नराला त्याचा उपयोग शून्य, किडनीवर ताण मात्र येतो, आणि पुढे वृषणात अंड्यांच्या पेशी दिसायला लागतात. इंग्लंडात १९९८ मध्ये जॉबलिंग आणि सहकाऱ्यांनी नद्यांमधले रोच मासे तपासले, हा आपल्या रोहूचाच लांबचा भाऊबंद, तर एअर आणि नेन नद्यांवर सांडपाणी केंद्राच्या खालच्या अंगाला जे नर धरले त्या सगळ्यांमध्ये असा मिश्र प्रकार निघाला.

यावर कॅनडात जो प्रयोग झाला तो मी वर्गात दर वर्षी सांगायचे. ओंटारिओत प्रयोगांसाठीच राखून ठेवलेली तळी आहेत, त्यातल्या २६० नंबरच्या तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं उन्हाळ्यात हे गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं, लिटरमागे फक्त ५ ते ६ नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम). नर माशांमध्ये गाबोळीचं प्रथिन, वृषणात अंडी, पुढच्या पिढीची पिल्लंच नाहीत, आणि फॅटहेड मिनो नावाचा बारका मासा त्या तळ्यातून जवळपास संपला. त्याच्यावर जगणारे मोठे ट्राउटही मग उपाशी पडून कमी झाले. टाकणं थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो परत वाढले, ही त्यातली चांगली बातमी.

आता जाऊबाईंना मी जो हिशोब सांगितला तो सांगते. आपल्या सरकारी माला-डीच्या एका गोळीत हे इस्ट्रोजेन ०.०३ मिलीग्रॅम असतं. त्या बिघडवलेल्या तळ्याचं पाणी जर आपण पिऊन एक गोळी पोटात घालायची म्हटली तर साधारण ५ ते ६ हजार लिटर पाणी प्यावं लागेल, म्हणजे पाण्याचा अख्खा टँकर. इतक्या कमी प्रमाणात मासा बिघडतो कारण तो अंड्यात असल्यापासून त्याच पाण्यात आहे, आणि काही औषधं त्याच्या रक्तात साठत जातात, स्वीडनमध्ये सांडपाण्यात ठेवलेल्या ट्राउटच्या रक्तात लेव्होनॉर्जेस्ट्रेल (गर्भनिरोधक गोळीतलंच दुसरं हार्मोन) हे गोळी घेणाऱ्या बाईच्या रक्तापेक्षा जास्त सापडलं होतं. पण आपण आठवड्याला दोन तुकड्या खाणार, त्यातून मुलीची पाळी लवकर येईल हा जो सूर त्या अ‍ॅपच्या जाहिरातीत आहे तो निव्वळ धंदा आहे. आणि आरओच्या पाण्याने धुवून तर काहीच होत नाही, जे अंड्यापासून आत गेलंय ते बाहेरून धुऊन कसं जाणार?

अजून एक. हा विषय निघाला की लगेच कोणीतरी म्हणतं बायकांच्या गोळ्यांमुळे नद्या नासल्या. आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी टाकलंच. अहो काका, इस्ट्रोजेन नैसर्गिकही असतं आणि ते बाई, पुरुष, तबेल्यातली म्हैस सगळ्यांच्या मुतातून जातं, गाभण जनावराच्या तर भरपूर. कपडे धुवायच्या आणि कारखान्यातल्या काही साबणी रसायनांपासून नोनिलफेनॉल तयार होतं, तेही माशाच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन, जी तुमच्यासकट अर्धं खानदान घेतं, ती शरीरात मोडतच नाही, आहे तशी बाहेर पडते. अमेरिकेत मिलवॉकीच्या संशोधकांनी लॅबमध्ये फॅटहेड मिनोंना मेटफॉर्मिनच्या पाण्यात वाढवलं तर नरांच्या वृषणात अंडी दिसली होती, आणि ते हार्मोनचं औषध पण नाही. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीत देशात १० कोटींवर डायबेटिसवाले निघाले. हिशोब करा.

मुंबईत हे सगळं जातं कुठे? वरळी आणि बांद्र्याला वर्षानुवर्षं पद्धत अशी की सांडपाणी जाळीतून गाळायचं, रेती खाली बसवायची आणि साधारण साडेतीन किलोमीटर लांब पाइपातून समुद्रात सोडायचं. जाळीत प्लास्टिक अडकतं, विरघळलेली गोळी अडकत नाही. मिठीचं तर बोलायलाच नको, विहार आणि पवईच्या ओसंडलेल्या पाण्यातून निघते आणि १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळेपर्यंत तिच्यात काय काय आलेलं असतं ते नाक सांगतं. वरळी, बांद्रा, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर अशी सात नवी सांडपाणी केंद्रं बांधायला घेतलीत, जानेवारी २०२३ मध्ये भूमिपूजन झालं, सगळी मिळून दिवसाला साधारण २,४६० दशलक्ष लिटर. बॅक्टेरियावाली नीट प्रक्रिया झाली की नैसर्गिक इस्ट्रोजेन बऱ्यापैकी कमी होतं, गोळीतलं मात्र चिवट, त्याला पुढे ओझोन नाहीतर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो आणि तो खर्चिक. युरोपने २०२४ मध्ये नियमच केला की या जास्तीच्या टप्प्याचा कमीत कमी ८० टक्के खर्च औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांनी द्यायचा. आपल्याकडे औषधांचे कारखाने एवढे की हैदराबादजवळ पाटणचेरूला २००७ मध्ये सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलीग्रॅमपर्यंत सापडलं होतं, पेशंटच्या रक्तात असतं त्याहून जास्त, प्रक्रिया झाल्यानंतरच्या पाण्यात.

मग अ‍ॅपवर पैसे द्यायचे तर कशासाठी द्यायचे ते बघा. पापलेट, सुरमई, हलवा हे लांब समुद्रातले, तिथे पाणी एवढं आहे की गटारातली गोळी पोचेपर्यंत तिची काही ताकद राहत नाही, म्हणजे ज्या माशाला या स्टिकरची सगळ्यात कमी गरज त्याच्यासाठीच सगळ्यात जास्त पैसे घेतायत. खरा मार खातात ते खाडीतले, बोय, निवट्या, शिंगाळी, चिंबोऱ्या, आणि ते या अ‍ॅपवर नाहीतच. आमच्या मावशीला मी विचारलं माहीमच्या खाडीतला मासा विकता का, तर म्हणाली, “बाय, त्या खाडीन आता मावराच रेला नाय, इकू काय?” तिचे सासरे तिथेच जाळं टाकायचे म्हणे. जाळं टाकणाऱ्याचा धंदा बुडाला आणि आपण एअरकंडिशन घरात बसून मुलीला काय होईल याची काळजी करतोय, हे जरा उलटंच आहे.

कंपनीला एक फुकटचा सल्ला, घ्यायचा तर घ्या. तुमचा डिलिव्हरीचा मुलगा तसाही दारात येतो आणि रिकामी पिशवी घेऊन जातो. जुनी औषधं परत न्यायला सुरुवात करा. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडला घरोघरी उरलेली औषधं गोळा करायची योजना काढली. केंद्राच्या औषध नियंत्रकांनीही त्याच वर्षी सांगितलं की ट्रॅमाडॉल, फेंटानिल, डायझेपाम अशी १७ औषधं घरात पडून राहिली तर कोणाच्या हाती लागून जीव जाऊ शकतो म्हणून ती फ्लश करा, बाकीची फ्लश करू नका, परत द्या. पण आमच्या एरियात परत द्यायची कोणाला? केमिस्टला विचारलं तर तो माझ्याकडे बघून हसला. पाण्यात जाणारं बहुतेक औषध लघवीतूनच जातं त्यामुळे याने जग वाचणार नाही, पण त्या हिरव्या पानापेक्षा बरं काहीतरी होईल, आणि मी त्याचे डिलिव्हरी चार्जेस आनंदाने देईन.

तर रेटिंग. सुरमईला साडेचार, कोळंबीला चार, पापलेटला साडेतीन, बोंबलाला अर्धा, तोही पिशवी गळली नाही म्हणून. डिलिव्हरी वेळेवर, मुलगा नम्र, पावसातही येतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मात्र ‘आजचा ताजा’ वगैरे लिहिलेलं असलं तरी बर्फातला असणार हे समजून घ्या. लेबलला शून्य. जाऊबाई अजून तिथूनच मागवतायत, पण आता कारण कोळंबीचा दोरा आहे, आणि बोंबील परत मावशीकडून चालू झालेत. आणि हो, ऑर्डर करताना खाली नोटमध्ये ‘डोकं आणि गाबोळी पाठवा’ असं लिहायचं, लिहिलं तर पाठवतात, वेगळे पैसे लावत नाहीत.